मॅनेजरचा खेळ आणि हाताशी असलेले खेळाडू: जोडी जमते का, हे कसं ओळखायचं

फुटबॉल सीझनचे तीन-चार आठवडे गेले, की ठाण्याच्या लोकलमध्ये, ऐरोलीच्या सोसायटीत, घोडबंदर रोडच्या टर्फबाहेर लेस बांधता बांधता दोनच निकाल कानावर पडतात. "मॅनेजर बदला", नाहीतर "प्लेअरच बेकार आहेत". नव्याने फुटबॉल बघायला लागलेल्या माणसाला वाटतं, यातलं एक तरी खरं असणार. बऱ्याचदा दोन्ही चूक असतात. मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, जाणकार असतो, खेळाडूही चांगले असतात, पण त्याला जो खेळ हवा आहे त्यातली दोन-तीन कामं करणारा माणूस टीममध्ये नसतो. ही दोन-तीन कामं शोधायची कशी, एवढंच या लेखात सांगायचं आहे. ऑफसाइड कळतो आणि बचावपटू, मध्यरक्षक, आघाडीपटू कोण ते माहीत आहे, इतकी तयारी पुरेशी आहे. एक वही मात्र लागेल.

पायरी १: मॅनेजरला काय हवं आहे, ते मैदानावर बघा

मॅच सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर ४-३-३ किंवा ३-४-३ दाखवतात (बचावपटू, मध्यरक्षक, आघाडीपटू किती, ते). तो आकडा वहीत लिहून ठेवा, पण त्यावरून मत बनवू नका. एकाच ४-३-३ मध्ये एक टीम पुढे जाऊन समोरच्याचा श्वास कोंडते आणि दुसरी आपल्या पेनल्टी बॉक्ससमोर भिंत उभी करून बसते.

बघायचे ते तीन प्रसंग. बॉल आपल्याकडे असताना गोलकीपर काय करतो: जवळच्या बचावपटूला पास देतो, की लांब मारतो? बॉल समोरच्याकडे असताना आपली बचावाची रांग कुठे उभी असते: मध्यरेषेजवळ, की बॉक्सच्या तोंडाशी? आणि तिसरा, सगळ्यात बोलका प्रसंग म्हणजे बॉल नुकताच हातचा गेला आहे, ती पुढची चार-पाच सेकंदं. तिथल्या तिथे तिघं मिळून तुटून पडतात, की सगळे मागे पळत आपापली जागा धरतात? याचं उत्तर मिळालं, की मॅनेजरचं अर्धं डोकं कळलं.

हे एका मॅचवरून ठरवू नका. एक बलाढ्य टीमविरुद्धची मॅच बघा, एक तळाच्या टीमविरुद्धची. दोन्हीकडे जे सारखं दिसेल ती मॅनेजरची शैली, बाकीची त्या दिवसाची सोय. मॅनेजर नवीन असेल तर त्याच्या आधीच्या क्लबच्या मॅचेस काढून बघा. रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला, तेव्हा तो तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) आणि दोन विंगबॅक (कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे) घेऊन खेळणार, यात कुणालाच शंका नव्हती. स्पोर्टिंग लिस्बनला त्याने त्याच घडीवर दोनदा लीग जिंकून दिली होती.

पायरी २: त्या खेळात सगळ्यात अवघड काम कुणाचं, ते शोधा

नवखा माणूस अकराच्या अकरा जणांना गुण द्यायला जातो आणि तिथेच गोंधळतो. प्रत्येक शैलीत एक-दोन जागा अशा असतात, जिथे माणूस चुकीचा असला तर उरलेले नऊ कितीही चांगले असून उपयोग होत नाही. आधी ती जागा धरा.

बचावाची रांग वर ठेवणारा मॅनेजर असेल, तर सेंटर बॅकचा वेग बघा. रांग मध्यरेषेजवळ गेली, की तिच्यामागे चाळीसएक मीटर मोकळं मैदान पडतं. वरून एक पास आला, की बचावपटूने वळून पळायचं आणि समोरच्या स्ट्रायकरने सरळ पळायचं. हेडरमध्ये, टॅकलमध्ये, धाकात राजा असलेला माणूस या शर्यतीत हरू शकतो. २०११ च्या उन्हाळ्यात आंद्रे व्हिलास-बोआस पोर्तोहून चेल्सीला आला आणि त्याने रांग वर चढवली. मध्ये होता जॉन टेरी, तिशी गाठलेला, आयुष्यभर बॉक्सच्या आसपास उभा राहून लढलेला. त्या ऑक्टोबरमध्ये आर्सेनलने स्टॅमफर्ड ब्रिजवर येऊन पाच गोल मारले. मार्च २०१२ मध्ये मॅनेजर गेला. पुढची गोष्ट नव्या प्रेक्षकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. रॉबर्टो दी मातेओच्या हाताखाली तीच माणसं खाली येऊन, जागा आवळून खेळली, बार्सिलोनाला त्यांच्या घरी २-२ वर रोखलं आणि मे महिन्यात म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. दोन महिन्यांत खेळाडूंची गुणवत्ता वाढत नसते. फक्त त्यांना त्यांच्या अंगचं काम मिळालं.

मागून पास देत खेळ उभारणारा मॅनेजर असेल, तर नजर गोलकीपरच्या पायांकडे हवी. पेप ग्वार्दिओला २०१६ मध्ये मँचेस्टर सिटीला आला तेव्हा जो हार्ट तिथला लाडका गोलकीपर होता. त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरतं, तोरिनोला पाठवलं आणि बार्सिलोनाहून क्लॉडिओ ब्राव्होला आणलं, तेही नीट जमलं नाही. त्या टीमचे चारही फुलबॅक (कडेचे बचावपटू), साबालेता, सान्या, क्लिशी आणि कोलारोव्ह, तिशीपार होते. ग्वार्दिओलाच्या खेळात फुलबॅक पूर्ण नव्वद मिनिटं वर-खाली करतो, आत येऊन मध्यरक्षकासारखा पासही देतो. पहिल्या सीझनमध्ये टीम तिसरी आली, एकही करंडक नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात चौघेही गेले, बेन्फिकाहून एडरसन आला, काइल वॉकर आला आणि २०१७-१८ मध्ये १०० गुणांनिशी लीग जिंकली. पहिल्या सीझनमध्ये "पेपचं इंग्लंडमध्ये चालत नाही" असं ठणकावून सांगणाऱ्यांनी फुलबॅकची जन्मसालं बघितली असती, तर ते थोडं थांबले असते.

तीन सेंटर बॅकच्या खेळात सगळा भार विंगबॅकवर. एका बाजूची पूर्ण कड, आपल्या कॉर्नर फ्लॅगपासून समोरच्या कॉर्नर फ्लॅगपर्यंत, एकाच माणसाची. फुलबॅकला तिथे ठेवलं तर तो वर गेल्यावर क्रॉस नीट टाकत नाही, विंगरला (कडेच्या आघाडीपटूला) ठेवलं तर तो मागे आल्यावर माणूस सोडतो. युनायटेडला २०२४-२५ मध्ये नेमकी हीच अडचण आली. दिओगो दालो, नुसैर मझरावी, अमाद दियालो असे वेगवेगळ्या घडणीचे खेळाडू आलटून पालटून तिथे उभे राहिले. जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत (खेळाडू खरेदी-विक्रीच्या मुदतीत) लेचेहून पॅट्रिक दोर्गूला आणावं लागलं ते त्याच जागेसाठी. टीम १५वी आली, ४२ गुणांवर.

वरून प्रेसिंग करणारी, म्हणजे समोरच्याच्या अर्ध्या मैदानातच बॉल हिसकवायला धावणारी टीम असेल तर पहिला बचावपटू म्हणजे स्ट्रायकर. तो बॉलच्या मागे नुसता धावला की प्रेसिंग झालं, असं समजू नका. तो वळण घेऊन अशा बाजूने येतो का, की समोरच्याचा एका बाजूचा पासच बंद व्हावा, ते बघा. पळणारे पुष्कळ मिळतात. वाट अडवत पळणारे कमी.

लांब बॉल टाकून खेळणाऱ्या टीमची परीक्षा सोपी आहे: वर बॉल धरून ठेवणारा एक दांडगा माणूस आणि त्याच्याभोवती सुटलेला बॉल उचलणारे दोघं.

पायरी ३: एक माणूस धरा आणि त्यालाच बघा

टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो. तुम्हाला हवं असतं ते बॉलपासून दूर घडत असतं. टीव्हीवर बघताना निदान गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नर या थांब्यांना नजर बॉलवरून काढून तुमच्या माणसाला शोधा. पहिल्या हाफमध्ये पंधरा मिनिटं फक्त तोच. खेळाडू दमल्यावर काय करतो ते जास्त खरं असतं, म्हणून सत्तराव्या मिनिटानंतर पुन्हा तोच.

यासाठी वेळ नीट निवडा. चॅम्पियन्स लीगची मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला नाहीतर हिवाळ्यात दीडला सुरू होते, आणि सकाळची ७:१० ची लोकल धरायची असेल तर सत्तराव्या मिनिटाला प्रेक्षकच दमलेला असतो. प्रीमियर लीगची शनिवारची संध्याकाळ या अभ्यासाला फार चांगली.

त्याहून चांगलं म्हणजे मैदानावर जाणं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेच्या मॅचेस झाल्या, २०२२ च्या महिला आशिया चषकाची फायनल झाली, त्याच वर्षी मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची फायनलही झाली. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटीचे पहिले दोन मोसमही तिथलेच. आता क्लबच्या मॅचेस अंधेरीच्या फुटबॉल अरेनात असतात. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, आणि पुढे चालत. जागा घेताना शक्य तेवढी उंच घ्या, गोलच्या मागची असेल तर उत्तम. तिथून बचावाची रांग एकत्र सरकते की तुटते, हे एका नजरेत दिसतं. टचलाइनजवळच्या जागेवरून खेळाडूंचे चेहरे दिसतात, आकार दिसत नाही.

तिकीट काढायचं नसेल, तर नवी मुंबईत शनिवार-रविवार सकाळी कुठल्या ना कुठल्या मैदानावर मुलांच्या मॅचेस असतातच. मी एका पंधरा वर्षांखालच्या मॅचला कडेला उभी होते. पावसाळा नुकताच संपलेला, लाल माती अजून ओली, गवत फक्त कोपऱ्यांत. एका टीमच्या कोचना मागून पास देत निघायचं होतं. गोलकीपर दर वेळी डावीकडच्या सेंटर बॅकला बॉल द्यायचा. तो मुलगा उजव्या पायाचा. बॉल आला, की तो उजव्या पायावर घेण्यासाठी आत वळायचा आणि आत वळलं की समोरचा स्ट्रायकर थेट अंगावर. कोच ओरडत होते, "बाहेर उघड रे, बाहेर!" पोरगं ऐकत होतं, पण बाहेर उघडायचं, म्हणजे अंग कडेकडे वळवायचं, तर पहिला टच डाव्या पायाने हवा, आणि त्या उंचसखल मातीवर तो बसत नव्हता. शेजारचे पालक म्हणत होते, या पोराला बॉल सांभाळता येत नाही. हाफटाइमनंतर कोचनी त्याला उजवीकडे घेतलं आणि विंगवरच्या डाव्या पायाच्या मुलाला मागे आणलं. त्याला टॅकल यथातथाच जमत होतं. पण बॉल घेतला, की त्याचं अंग आपसूक बाहेर उघडत होतं आणि कडेने सरळ पास जात होता. पुढची पंधरा-वीस मिनिटं ती टीम वेगळीच वाटली.

कोण कुठल्या पायाचा आणि कुठल्या बाजूला उभा, हे वहीत लिहायला तेव्हापासून कधी विसरू नये असं मला वाटतं. मोठ्या क्लबांमध्येही डाव्या पायाच्या सेंटर बॅकसाठी जास्त पैसे मोजतात, ते याचसाठी.

पायरी ४: "जमत नाही" आणि "अजून जमलं नाही" यांत फरक करा

ही पायरी सगळ्यात कठीण, आणि इथे मी नव्या प्रेक्षकांना सबुरी ठेवायला सांगेन. वेग, उंची, दमसास या गोष्टी तिशीत वाढत नाहीत. कुठे उभं राहायचं, अंग कसं उघडायचं, कधी पुढे सरकायचं, हे शिकता येतं. म्हणून कमतरता दिसली, की ती कुठल्या खात्यातली ते लिहा.

चेल्सीचा व्हिक्टर मोझेस हे याचं लख्ख उदाहरण. लिव्हरपूल, स्टोक, वेस्ट हॅम असा लोनवर फिरून आलेला विंगर. सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ३-० ने हरल्यावर मॅनेजर आंतोनियो कोंतेने तीन सेंटर बॅकची घडी लावली आणि मोझेसला उजवा विंगबॅक केलं. ताकद आणि दम त्याच्याकडे होताच, मागची जागा धरायला तो शिकला. पुढे सलग १३ लीग मॅचेस जिंकत चेल्सी चॅम्पियन झाली. २०२४ मध्ये लिव्हरपूलच्या मॅनेजरला, आर्ने स्लॉटला, मध्ये खाली खेळणारा मिडफिल्डर हवा होता. मार्तिन सुबिमेंदी आला नाही, म्हणून आधीपासून क्लबमध्ये असलेल्या रायन ग्रावेनबेर्खला तिथे घातलं, आणि २०२४-२५ ची लीग त्यांनी त्याच्यासह जिंकली. एक वर्ष आधी "याची जागा नक्की कुठली?" असं विचारलं जात होतं तो हा खेळाडू.

वेळ किती मिळाला, तेही बघा. उन्हाळ्यात आलेल्या मॅनेजरला प्री-सीझन, म्हणजे सरावाचे आठवडे, मिळतो. नोव्हेंबरमध्ये आलेल्याला गुरुवार-रविवार मॅचेस आणि मधले दिवस थकवा उतरवण्यात. त्याच्या टीममध्ये चुका दिसणारच. महिन्याच्या अंतराने दोन मॅचेस बघा. तीच चूक, त्याच माणसाकडून, त्याच जागी होत असेल, तरच "बसत नाही" असं लिहा.

पायरी ५: कोण वाकतं, ते बघा

आतापर्यंत आपण खेळाडू मॅनेजरला साजेसे आहेत का, ते पाहिलं. प्रश्न उलटाही विचारायला हवा. क्लॉडिओ रानिएरी २०१५ मध्ये लेस्टरला आला, तेव्हा मध्ये वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ होते: दणकट, पण वळायला जड. त्याने रांग खाली ठेवली, बॉल समोरच्याला दिला आणि जेमी वार्डीच्या पायांतल्या वेगासाठी पुढे मैदान मोकळं ठेवलं. ८१ गुण आणि लीग.

व्हिन्सेंट कोंपनीची गोष्ट दुसऱ्या टोकाची. बर्नलीला त्याने दुसऱ्या श्रेणीत बॉल ताब्यात ठेवून १०१ गुण मिळवून दिले. वर आल्यावर तोच खेळ प्रीमियर लीगमध्ये खेळवला आणि २०२३-२४ मध्ये फक्त २४ गुणांवर टीम खाली गेली. समोरचे फॉरवर्ड जास्त वेगाचे होते, बर्नलीच्या बचावपटूंना पास द्यायला अर्धा सेकंद कमी मिळत होता. त्यानंतर कोंपनी बायर्न म्युनिकला गेला आणि २०२४-२५ मध्ये बुंडेसलिगा जिंकला. खेळवण्याचं तत्त्व फारसं बदललं नव्हतं, आता ते पेलणारे पाय मिळाले होते. मला स्वतःला हाताशी असलेल्या माणसांप्रमाणे खेळ बेतणारा मॅनेजर जास्त आवडतो, पण कोंपनीला चूक ठरवायला मी धजावत नाही.

आपल्याकडचं उदाहरण कोच खालिद जमील. २०१६-१७ मध्ये त्यांच्या मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे मोठ्या क्लबांसारखा पैसा नव्हता. स्थानिक मिझो मुलांचे पळते पाय होते, आशुतोष मेहता, जयेश राणे यांच्यासारखे मुंबईच्या फुटबॉलमधले खेळाडू होते. जमीलनी घट्ट बचाव आणि झपाट्याचा प्रतिहल्ला यावर आय-लीग जिंकली. ज्यांना ते "बचावात्मक" म्हणून नाकं मुरडावीशी वाटतात, त्यांनी त्या टीमकडे दुसरा कुठला खेळ होता, ते आधी सांगावं.

पायरी ६: आयएसएल बघत असाल, तर भारतीय खेळाडू आधी बघा

आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी मैदानावर चारच परदेशी ठेवण्याचा नियम आला. क्लब ते चार बहुधा मधल्या कण्यात वापरतात: सेंटर बॅक, मिडफिल्ड, स्ट्रायकर. मग कडेची कामं, म्हणजे फुलबॅक आणि विंगर, भारतीय खेळाडूंच्या वाट्याला येतात. मॅनेजरचा खेळ तिथे टिकतो किंवा फसतो. परदेशी स्ट्रायकरचं नाव वाचून टीमचं भविष्य सांगणारे इथेच चुकतात.

सर्जिओ लोबेरा २०२० मध्ये एफसी गोवाहून आपली खेळवण्याची पद्धत घेऊन मुंबई सिटीला आला, तेव्हा मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि ह्यूगो बूमूस या परदेशी त्रिकुटाबरोबर मंदार राव देसाईही आला. मंदार मुळात डावा विंगर, लोबेराच्या हाताखाली तो लेफ्ट बॅक झाला होता. त्यामुळे रांग वर असताना कुठे उभं राहायचं, हे डावीकडे पहिल्या दिवसापासून माहीत असलेला माणूस मिळाला. त्या २०२०-२१ च्या मोसमात मुंबईने लीग शील्ड (साखळीत पहिलं आल्याचं) आणि फायनलचा करंडक दोन्ही जिंकले, फायनलमधला शेवटचा गोल बिपिन सिंगचा. गोष्टीतला धडा सरळ आहे: नव्या मॅनेजरबरोबर त्याचे जुने खेळाडू येत असतील, तर त्यात परदेशी किती हे मोजून थांबू नका, भारतीय कोण येतोय ते विचारा.

पायरी ७: बेंच

अकरा जण शैलीला साजेसे असले, तरी बारावा तसा नसेल तर पहिल्या दुखापतीला खेळ बदलावा लागतो. सत्तराव्या मिनिटाला सब (बदली खेळाडू) आल्यावर टीम तोच खेळ खेळते का, एवढं बघा आणि पुढे चला.

वहीचं पान कसं आखायचं

वर मॅनेजरच्या तीन प्रसंगांची उत्तरं, तीन ओळींत. खाली त्या शैलीतली दोन अवघड कामं. प्रत्येक कामापुढे सध्याच्या खेळाडूचं नाव, वय, पाय आणि तीनपैकी एक शेरा: बसतो, शिकतोय, बसत नाही. ट्रान्सफर विंडो उघडली, की नव्या माणसाचे गोल आणि किंमत बघण्याआधी हे पान उघडा. "बसत नाही" लिहिलेल्या जागेसाठी कुणी आलं का? क्लबने तिसरा विंगर घेतला आणि सेंटर बॅकची जागा तशीच ठेवली, तर पुढचे तीन महिने काय दिसणार, याचा अंदाज तुम्हाला आधीच येईल.

सोसायटीची किंवा ऑफिसची टीम तुमच्याकडे असेल, तर हेच पान तिथे वापरा. टर्फवर सात-सात खेळताना जागा लहान, बॉल नेटला लागून परत येतो, आणि आज कोण येणार ते संध्याकाळपर्यंत नक्की नसतं. अशा वेळी सगळ्यांना प्रेसिंग करायला लावू नका, दहा मिनिटांत अर्धे जण कंबरेवर हात ठेवून उभे राहतात. आधी गोलमध्ये पायाने पास देणारा एक जण ठेवा, मग डाव्या पायाचा कोण आहे ते विचारून त्याला डावीकडे उभं करा, आणि बाकीचा खेळ उरलेल्या पाच जणांकडे बघून ठरवा.